गटाची अडचण गटानेच सोडवायची: नव्या बचत गटांसाठी आणि उत्पादक कंपन्यांसाठी बैठकीची पद्धत

बैठकीत चहा होतो, हजेरीच्या सह्या होतात, अध्यक्षताई बोलतात, सचिव ठराव लिहिते. मग "कोणाले काही सांगायचं आहे का?" असं विचारलं की सगळ्या सतरंजीकडे बघतात. बैठक सुटली की हातपंपापाशी खरी चर्चा सुरू होते: माल काऊन (का) परत आला, भाव कोणी ठरवला, गाडीभाडं कसं वाढलं. धंद्यातल्या अडचणीचं उत्तर पुष्कळदा तिथेच कुणीतरी बोलून गेलेलं असतं. ते बैठकीत, वहीवर आणि कामात कसं आणायचं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला तूरडाळ करणाऱ्या गटांसोबत मी काम करते. खाली दिलेल्या पद्धती जगात दुसरीकडे शोधल्या गेल्या आहेत, काही कारखान्यांत तर काही विद्यापीठांत. आपल्याकडे लाइट जाते, सगळ्यांना लिहिता येत नाही, आणि बैठकीत जावा-सासवा एकाच रांगेत बसतात. त्या परिस्थितीत त्यातलं जे टिकलं तेच इथे लिहिते. तुमचा धंदा डाळीचा नसला, पापड, हळद, दूध संकलन किंवा अवजार बँकेचा असला, तरी क्रम हाच चालतो.

काय काय जमवून ठेवायचं

- हिशेबाची वही, विक्रीची नोंद आणि परत आलेल्या मालाची नोंद. ही तिसरी नोंद बहुतेक गटांकडे नसतेच. आजपासून सुरू करा.
- मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त.
- अडचणीचा प्रत्यक्ष नमुना: परत आलेलं पाकीट, फुटलेली बरणी, खराब झालेलं पोतं. ते मधोमध ठेवायचं.
- जुन्या कॅलेंडरची पानं वीतभर चौकोनात कापून, मागची कोरी बाजू लिहायला. स्केचपेन.
- भिंतीला लावायला एक ड्रॉइंग शीट किंवा शाळेचा फळा.
- तुरीचे दाणे आणि वाट्या, मतदानासाठी.
- घड्याळ. मोबाइलचं चालेल, पण तो एकीच्याच हातात असू द्या.

१. अडचण एका ओळीत लिहा, त्यात माणसाचं नाव नको

"विक्री होत नाही" ही तक्रार झाली. अडचण अशी लिहायची: "दुकानात ठेवलेल्या दर १०० पाकिटांपैकी ३० परत येतात, आणि दुकानदार म्हणतात डाळीत तुकडा फार आहे." यात आकडा आहे, जागा आहे आणि कुणाकुणाकडून समजलं तेही आहे.

"सुनीताताई माल नीट भरत नाही" असं वाक्य फळ्यावर आलं की बैठक तिथेच संपली असं समजा. सुनीताताई आणि तिच्या बाजूच्या चौघी पुढचा तासभर बचावच करतील. तोच मुद्दा "पाकीट भरताना वजन कमी-जास्त होतं" असा लिहिला की त्यावर सगळ्यांना बोलता येतं, सुनीताताईलाही.

एका बैठकीत एकच अडचण घ्या. दुसरी निघाली तर शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे सांगणारीला आपलं म्हणणं वाया गेलं असं वाटत नाही.

२. जागा, वेळ आणि माणसं

बैठक अध्यक्षांच्या घरी ठेवू नका, मग त्यांचा ओटा कितीही ऐसपैस असो. ज्याच्या घरचा चहा प्यायचा, त्याच्याविरुद्ध तिथेच बसून कुणी बोलत नाही. अंगणवाडी, झेडपीची शाळा, समाज मंदिर, गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर, यांपैकी काहीही चालेल. गोल बसा, खुर्ची कुणालाच नको. गुडघे दुखणाऱ्या आजींना नक्की द्या, फक्त ती मधोमध ठेवू नका.

कापसाची वेचणी चालू असेल त्या दिवशी ही बैठक होत नाही, तो नाद सोडून द्या. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. ग्रामपंचायत निवडणूक लागली असेल तर निकाल लागेपर्यंत थांबा. त्या काळात प्रत्येक सूचना कोणत्या पॅनेलची आहे, हेच आधी पाहिलं जातं.

माणसं सहा ते दहा. गट मोठा असेल तर दोन घोळके करा. पदाधिकारी कमी आणि हात लावणारी माणसं जास्त ठेवा: चाळणारी, भरणारी, मशीनवर बसणारी, माल नेणारा ऑटोवाला भाऊ. जमलं तर एखादा दुकानदारही बोलवा. ऑटोवाल्याला पाकिटं कुठे फाटतात ते माहीत असतं, दुकानदाराला गिऱ्हाईक कोणतं पाकीट उचलून परत ठेवतं ते माहीत असतं.

बैठक चालवणारी व्यक्ती अध्यक्ष नको. तिचं काम वेळ बघणं, लिहून घेणं आणि गप्प बसलेल्यांना संधी देणं. स्वतःचं मत तिने त्या दिवसापुरतं बाजूला ठेवायचं. कुणी साहेब किंवा मॅडम भेटीला येणार असतील तर त्यांना नम्रपणे दुसऱ्या अर्ध्या भागात बोलवा. साहेब समोर असले की लोक साहेबांना आवडेल तेच सांगतात.

३. कारण खणा: पाच वेळा "काऊन"

उपायावर उडी मारायची घाई सगळ्यांनाच असते. पाकिटं परत आली की पहिली सूचना येते: "पाकीट चकचकीत छापून आणू." थांबा. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी एक सवय रुजवली होती. बिघाड झाला की "का?" विचारायचं, आलेल्या उत्तरावर पुन्हा "का?", असं साधारण पाच वेळा. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही, "काऊन?" तर दिवसभर तोंडात असतंच.

डाळीच्या एका गटात ते असं गेलं:

पाकिटं परत आली. काऊन? डाळीत तुकडा जास्त, आणि काही दाण्यांवर टरफल तसंच.
तुकडा काऊन पडला? मशीनमध्ये डाळ फुटते.
काऊन फुटते? इथे दोन मतं झाली. मशीन जुनी झाली असं निम्म्यांचं म्हणणं. मग रोज चाळणीवर बसणाऱ्या मावशींनी ताटात मूठभर तूर ओतली आणि बोटाने दोन ढीग केले: एक टपोऱ्या दाण्यांचा, एक बारीक. "दाणा दाणा सारखा नाही, त मशीन काय करन?" मशीनची फट मोठ्या दाण्यावर ठेवली तर बारीक दाणा टरफलासकट निघून जातो, बारीक दाण्यावर ठेवली तर मोठा दाणा फुटतो.
दाणे मिसळले काऊन? सगळ्यांची तूर एकाच ढिगात ओतली जाते. कुणाची मारोती वाणाची, कुणाची दुसऱ्या वाणाची, कुणाची उन्हात खडखडीत वाळलेली, कुणाची जराशी ओली.
एकाच ढिगात काऊन? कारण भाव सगळ्यांना एकच. वेगळी ठेवून, नीट वाळवून आणली तरी हातात एक रुपया जास्त पडत नाही.

पहिल्या प्रश्नाला उत्तर छापील पाकीट होतं, तिसऱ्याला नवी मशीन, आणि पाचव्याला खरेदीच्या भावाचा नियम. पहिल्या दोन उपायांना पैसे लागले असते आणि तुकडा तेवढाच पडला असता. म्हणून या टप्प्याला अर्धा तास लागला तरी देऊन टाका. माझ्या मते सगळ्या बैठकीत सर्वांत मोलाचा वेळ हाच.

पाच हा आकडा काही पवित्र नाही. तिसऱ्यालाच हाताला धरता येईल असं कारण लागलं तर थांबा. उत्तर "पाऊस पडला नाही" किंवा "सरकार ऐकत नाही" असं आलं, तर एक पायरी मागे या आणि आपल्या हातातलं कारण शोधा. उत्तरात माणसाचं नाव आलं तर विचारा: "तिच्या जागी दुसरी असती, तर हे झालं नसतं का?" बहुतेक वेळा झालंच असतं.

एकाच अडचणीला अनेक बाजूंनी कारणं असतील तर काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्याची आकृती काढा. डोक्याशी अडचण, मधे कणा आणि काट्यांवर माल, माणसं, मशीन, पद्धत. काढायला पाच मिनिटं लागतात आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही ती समजते.

४. आधी लिहा, मग बोला

सगळ्यांनी मिळून पटापट कल्पना सांगायच्या, ही पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९४० च्या दशकात रुजवली. त्यांचे चार नियम आजही कामाचे आहेत: टीका नंतर, विचित्र कल्पनाही चालेल, जितक्या जास्त तितक्या बऱ्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घाला. हे चार नियम शीटवर मोठ्या अक्षरांत लिहा.

पण एक अडचण पुढे लक्षात आली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या अभ्यासात चौघांच्या गटाची तुलना एकेकट्याने काम केलेल्या चौघांच्या एकत्रित यादीशी केली, तेव्हा एकेकट्याने काम केलेल्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट निघाल्या. १९८७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्यामागचं मोठं कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीचे पाळीची वाट बघत बसतात, आणि तोवर डोक्यातलं निसटून जातं. आपल्या गावात याच्या जोडीला आणखी एक कारण आहे. सासू बोलल्यावर सून वेगळं बोलत नाही, आणि सरपंचांच्या वहिनींनी एक सांगितलं की तेच सगळ्यांचं मत होतं.

म्हणून सुरुवात शांततेने करायची. सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्या गावाला पंधरा मिनिटं गप्प बसणं काही जड नाही.

प्रत्येकीला कॅलेंडरचे तीन-तीन कागद द्या. एका कागदावर एकच कल्पना, नाव लिहायचं नाही. पाच मिनिटांत तीन कल्पना. मग कागद उजवीकडच्या बाईला द्यायचे. तिने ते वाचून त्याखाली भर घालायची किंवा नवीन लिहायचं. जर्मनीचे बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं. पूर्ण सहा फेऱ्या केल्या तर अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. गावच्या बैठकीत तीन फेऱ्या पुरे, त्यापुढे हात दुखतात आणि तेच तेच येतं.

लिहिता येत नाही त्यांचं काय? हा प्रश्न सोडवल्याशिवाय ही पद्धत सुरूच करू नका, नाहीतर सर्वांत अनुभवी बायाच बाहेर राहतील. चित्र काढू द्या: चाळणी, पोतं, ऊन, ऑटो. किंवा चालवणारीने बाजूला बसून प्रत्येकीचं हळू आवाजात ऐकून लिहावं. आठवी-नववीतल्या मुलीला लिहायला बसवता येतं, पण ती सभासदाच्याच घरची नको. कोण काय बोललं ते रात्री जेवताना निघतंच.

फेऱ्या झाल्या की कागद गोळा करून मिसळा आणि चालवणारीने एकेक मोठ्याने वाचून भिंतीला लावा. सारखे कागद जवळ जवळ. आता बोलायचं, पण फक्त समजून घेण्यासाठी: "याचा अर्थ काय?" एवढंच विचारायचं. "हे होत नसते" म्हणणारी एक तरी निघते. तिला प्रेमाने थांबवा आणि सांगा की तिची पाळी सहाव्या पायरीला आहे, आणि ती खरंच आहे.

तुरीच्या गटात भिंतीवर आलं ते असं: वाणाप्रमाणे पोत्याला वेगळ्या रंगाची सुतळी, दोन जाळ्यांची चाळणी, निवडलेल्या तुरीला जास्त भाव, सगळ्यांची तूर एकाच दिवशी शाळेच्या मैदानावर वाळवायची, तुकडा वेगळा काढून ढाब्यावाल्यांना विकायचा, चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा) गाईवाल्यांना आगाऊ बोलून ठेवायची. यातली तुकड्याची कल्पना एका कागदावर एकीने लिहिली, दुसरीने ढाबा जोडला, तिसरीने कोणता ढाबा तेही लिहिलं.

५. निवड: दाणे टाकून

हात वर करून मतदान नको. भिंतीवरच्या कल्पनांना क्रमांक द्या, प्रत्येक क्रमांकाची एक वाटी आडोशाला मांडा, प्रत्येकीला पाच दाणे द्या. पाचही एकाच वाटीत टाकले तरी चालतील. एकेकीने जाऊन टाकायचे. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी.

दाणे मोजले की पहिल्या दोन किंवा तीन कल्पना पुढे न्या. इथे ठराव मंजूर करू नका. विचार करायची बैठक आणि ठरवायची बैठक वेगळी ठेवली की दोन्ही नीट होतात. हे आपल्या विदर्भाला नवं नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हेच वर्षानुवर्षं केलं आहे. तिथे अभ्यास गटात विषय समजून घेतला जातो, हवी तेवढी चर्चा होते; निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि पुढे त्या गावाने स्वतः बांबू विकला. इतका मोठा व्यवहार पेलायला आधी एकमेकांशी बोलायची सवय लागते.

मधे आठवडा जाऊ द्या. त्या आठवड्यात घरोघरी जे बोललं जाईल ते ऐका. ज्याला विरोध आहे तो आठवड्यात कळतो.

६. "फसलं" असं धरून चाला

ठरावाच्या बैठकीत सगळ्यांना सांगा: "असं समजा की सहा महिने झाले, आणि आपला उपाय पार फसला. काऊन फसला?" प्रत्येकीने एक कारण लिहायचं किंवा सांगायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ही पद्धत मांडली, २००७ मध्ये ती बरीच माहीत झाली. याचा फायदा असा की शंका काढणारी बाई गटविरोधी ठरत नाही, उलट तिचं काम तेच आहे.

रंगीत सुतळीच्या उपायावर काय निघालं बघा: ज्या दिवशी सुतळी संपेल त्या दिवशी कुणीही कोणतीही बांधेल. चाळायला वेळ दुप्पट लागेल, त्याची मजुरी कोण देणार? एकीची तूर ओली म्हणून परत केली तर ती गट सोडेल. तिसरं सर्वांत खरं होतं. त्यावर तिथेच तोड निघाली: ओली तूर परत पाठवायची नाही, मैदानावर वाळवायची आणि वाळल्यावरचं वजन धरायचं.

सहा टोप्यांची पद्धतही काही जण शिकवतात. एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली ती पद्धत चांगली आहे, पण नव्या गटाला सहा रंगांचे सहा नियम लक्षात ठेवणं जड जातं. त्यातलं एवढंच घ्या: दहा मिनिटं सगळ्यांनी फक्त फायदे बोलायचे, पुढची दहा मिनिटं सगळ्यांनी फक्त धोके. नवरा-बायको, जावा-जावा एकाच बाजूने बोलतात, त्यामुळे भांडणाला जागा राहत नाही.

७. लहान प्रयोग, जोडीला जुनी पद्धत

सगळ्या मालावर उपाय करू नका. दोन कट्टे (पोती) निवडून, चाळून, वाळवून घ्या. दोन कट्टे नेहमीसारखे मिसळलेले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच माणसाच्या हाताने भरडा. मग दोन्हींचं अख्खी डाळ, तुकडा, चुनी, टरफल असं वेगवेगळं वजन करून लिहा. नेहमीसारखे दोन कट्टे नसतील तर डाळ चांगली निघाली ती निवडण्यामुळे की त्या दिवशीच्या कडक उन्हामुळे, ते कधीच कळणार नाही. हे दोन जादा कट्टे वाया गेले असं कुणी म्हणेल. त्यांना हे आधीच समजावून सांगा.

प्रयोगाआधी वहीत पाच गोष्टी लिहायच्या: काय करणार, कोण करणार, किती दिवस, किती खर्च, आणि कोणता आकडा पाहून हो किंवा नाही म्हणणार. पाचवी गोष्ट आधी लिहिली नाही तर निकाल आल्यावर प्रत्येकजण आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल तुमच्याकडे असेल, तर फट कशी जुळवायची ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन मशीनवर बसणाऱ्या बाईलाच शिकू द्या. अध्यक्ष शिकून आले आणि तिला सांगितलं, असं चालत नाही.

८. वहीत काय लिहायचं

ठराव साध्या भाषेत लिहा: "तूर वाणाप्रमाणे वेगळी घ्यायची. मारोतीला लाल सुतळी, बाकीला पांढरी. निवडलेल्या तुरीला ठरलेला जादा भाव. पुढचा आढावा होळीनंतरच्या पहिल्या बैठकीत." जबाबदारीपुढे एकाच व्यक्तीचं नाव. "सर्व सभासद" असं लिहिलं की कुणीच करत नाही.

कल्पना कुणाची होती तेही लिहा, तिने परवानगी दिली तर. चाळणीवर बसणाऱ्या मावशींचं नाव इतिवृत्तात येणं याला गावात किंमत असते, आणि पुढच्या बैठकीला त्या स्वतःहून बोलतात. प्रयोग फसला तर तोही आकड्यांसकट लिहा. वर्षभराने नवीन सभासद तीच कल्पना घेऊन येते, तेव्हा ते पान उघडून दाखवता येतं.

कर्जासाठी बँकेत गेलात की अधिकारी विक्रीची नोंद मागतात. त्यासोबत या प्रयोगाची वजनं दाखवा. नवी चाळणी कशाला हवी ते वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पहिल्यांदा करताना किती वेळ धरायचा

पहिली बैठक दोन तासांची धरा: अडचण लिहायला पंधरा मिनिटं, काऊनला अर्धा तास, लिहिण्याच्या फेऱ्यांना वीस मिनिटं, वाचून समजून घ्यायला अर्धा तास, दाण्यांना दहा मिनिटं. उरलेला वेळ उशिरा येणाऱ्यांत आणि चहात जातो, तो धरूनच चाला. चहा फेऱ्या संपल्यावर द्या, मधे दिला तर कागद ओले होतात आणि गप्पा सुरू होतात.

तुरीच्या गटांनी हे पेरणीच्या आधी, मे महिन्यात करावं, म्हणजे कोणतं वाण कुणी पेरायचं तेही ठरवता येतं. तेव्हा जमलं नाही तर दिवाळीनंतर कापसाच्या दोन वेचण्यांमधे एखादी दुपार काढा. तूर काढून घरी यायला लागते ती डिसेंबर-जानेवारीत; तोवर रंगीत सुतळी, दोन जाळ्यांची चाळणी आणि रिकामे कट्टे गटाच्या खोलीत आणून ठेवलेले असावेत.